आठच्या जागी सव्वा

तीन आठवड्यांनी मी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि दारातूनच विचारलं, "हा टक टक आवाज कसला येतोय?" कोणी मान वर केली नाही. करणार तरी कशी? खोलीत माझी भावजय होती, तिच्याबरोबर काम करणारी लांब वेणीची मुलगी होती, आणि दोघींनाही जन्मापासून ऐकू येत नाही.

मला मात्र ऐकू येतं, जरा जास्तच. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लाईनवर खरखर झाली की बिघाड कुठे असेल ते मी बसल्या जागी सांगायचे आणि दहातल्या सात वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या तीन वेळांबद्दल मी कोणाला बोलू द्यायचे नाही. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून भावजयीच्या कामात शिरले. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तीन आठवडे घरी होते. म्हणजे तीन आठवडे त्या खोलीत चालते कान असलेलं माणूसच आलं नव्हतं.

मी भिंतीवरचं बटण दोनदा दाबलं. दिवा मिचमिचला तशा दोघी वळल्या. भावजय हसली, तिने नाकाच्या शेंड्यावर मूठ ठेवून उघडली. हे तिथलं माझं नाव. या मंडळींत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं आणि ते आपण निवडायचं नसतं. माझं सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. राग आला तर सिद्ध होतं, म्हणून रागवायचीही सोय नाही.

आणखी एक सांगून ठेवते. त्यांच्या खुणांत अहो-जाहो नाही. बोट समोर केलं की झालं, मग समोर नणंद असो की नातू. पहिल्या वर्षी मला ते टोचायचं, आता उलट बरं वाटतं. म्हणून तिचं बोलणं मी लिहिते तेव्हा ती मला 'तू' म्हणते असंच लिहिते.

"मशीनमधून आवाज येतोय," मी हातांनी म्हणाले. माझ्या खुणा अजून शाळकरी आहेत, पण समजतात. मशीन म्हणजे आमचा कॉम्प्युटर. "टक. मग थांबतो. मग टक टक."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. भावजयीने मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि मान हलवली. खालच्या मजल्यावर लाँड्री आहे. तिथली यंत्रं दिवसभर घरघरतात, आमची अख्खी जमीन थरथरत असते. त्या थरथरीत एवढीशी टकटक हाताला काय कळणार? मग तिने टेबलावरची लाकडी पट्टी घेतली, एक टोक मशीनला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. अर्ध्या मिनिटाने भावजयीने डोळे उघडले आणि बोट वर केलं. एक. मग दोन बोटं. मी ऐकलं तेव्हाच, अगदी त्याच क्षणी.

"कधीपासून?" तिने विचारलं.

हा प्रश्न ती मला विचारत होती, आणि मी तर डोळ्याला पट्टी बांधून घरी होते. असली चूक आमच्याच खोलीत होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात पहिल्या दिवशी शिपायानेसुद्धा ओरडून सांगितलं असतं की मशीनमधली ही डिस्क मरायला टेकली आहे.

त्या डिस्कवर काय होतं ते आता सांगते. चाळीस वर्षांपूर्वी ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा बंद पडली. वर्गात हात हलवला की पट्टी मिळायची, बोलायला शिका म्हणून. मग मुलांनी जेवणघरात आणि झोपायच्या दालनात स्वतःच्या खुणा तयार केल्या. मास्तरांना न कळणाऱ्या, टेबलाखालून करता येणाऱ्या, छोट्या. ती भाषा जगात दुसरीकडे कुठेच नाही. ती येणारी अकरा माणसं भावजयीने शोधून काढली, एकेकाला या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि शब्द न् शब्द चित्रित केला. तीन वर्षं लागली. तेवढ्यात अकरातली सहा गेली. त्यांतली एक भावजयीची आई. तिने मुलीला घरात हीच भाषा शिकवली होती, आणि गेल्या वर्षी शेवटचा शब्द देऊन झाल्यावर दोन महिन्यांत ती गेली.

हे सगळं चित्रण एका डिस्कवर, एकाच ठिकाणी.

"दुसरी प्रत?" मी विचारलं. विचारताना माझा आवाजही मोठा झाला, सवयीने.

भावजयीने खिडकीखालचा खोका दाखवला. दुसऱ्या प्रतीसाठीच मागवलेली नवी हार्ड डिस्क कालच दुकानातून आली होती. आठ टीबीची. आमचा सगळा माल तीन टीबीच्या थोडा वर, म्हणजे त्यात आरामात मावला असता.

"मग बंद कर ते मशीन! थंड होऊ दे!"

"बंद नाही करायचं," ती म्हणाली. "अशी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. फिरते आहे तोवर आपली आहे."

मशीनच्या पोटात दुसऱ्या डिस्कला जागा नव्हती. म्हणून तिने नवी डिस्क कपाटातल्या जुन्या डॉकमध्ये बसवली. डॉक म्हणजे डिस्क उभी खोचायची डबी, तिच्यातून एक वायर मशीनला जाते. मग तिने काळी खिडकी उघडली. आमच्याकडे सगळं विंडोजऐवजी लिनक्सवर चालतं, आणि त्या काळ्या खिडकीत ती पांढरी अक्षरं इतक्या वेगाने टाईप करते की मला माझं एक्स्चेंजमधलं तारुण्य आठवतं. तिने एक ओळ लिहिली. उत्तर आलं. ती पुढे झुकली. पुन्हा तीच ओळ लिहिली, तेच उत्तर.

नवी डिस्क म्हणत होती, माझी जागा एक पूर्णांक तीन.

आठ नव्हे. एक पूर्णांक तीन. आठच्या जागी सव्वा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात नकली डिस्का येतात हे मी पेपरात वाचलं होतं. वर आठचं लेबल, आत भलतंच. मी डिस्ककडे हात नेला तर भावजयीने माझं मनगट धरलं.

"ही कुठे नेतेस? राहू दे इथे. मला बघू दे."

मग मी रिकामा खोका उचलला आणि तडक दुकान गाठलं. चौथी गल्ली, छत्रीवाल्याच्या शेजारी. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी तोंड सोडलं.

"आठ लिहून सव्वा विकता? ऐकू न येणाऱ्या बायका म्हणजे त्यांना दिसतही नाही असं वाटलं का तुम्हाला?"

दुकानदार गोंधळला. चाळिशीचा शांत माणूस, नाकावर चष्मा, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. "बाई, डिस्क घेऊन या. इथे माझ्यासमोर लावून बघू."

"म्हणजे इथे हातचलाखी करून आठ दाखवाल!"

"तुमच्याकडे लिनक्स आहे ना? तिथेच काहीतरी..."

"लिनक्सला नावं ठेवू नका. खोट्याला खोटं म्हणतं ते."

गिऱ्हाइकांतला एक हळूच बाहेर सटकला. मी अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. खोका काउंटरवर आपटून परत आले तेव्हा मला मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

आता भावजयीने त्या वेळात काय केलं ते सांगते. ते सांगण्यासाठीच ही सगळी गोष्ट आहे.

मी घाम पुसत आत शिरले तेव्हा टेबलावर एक मोठा कागद होता. डाव्या बाजूला तिने कोण काय म्हणतंय ते लिहिलं होतं, कोर्टात साक्षी नोंदवतात तसं. लेबल म्हणतं आठ. मशीन म्हणतं एक पूर्णांक तीन. डॉकची वायर बदलली, मशीन तेच म्हणतं. दुसऱ्या भोकात लावली, तेच म्हणतं. तिची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची. मी असते तर पाचही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, सुटलं असतं तर कशामुळे ते कळलं नसतं, आणि नसतं सुटलं तर पहिल्यासारखं कसं करायचं तेही विसरले असते.

शेजारी मरणारी डिस्क टकटक करत होती. भावजयीच्या आईची त्या डिस्कवरची दोनशे बारा चित्रणं मोजून दोन हात अंतरावर होती. आणि ही बाई पेन्सिलीला टोक करत होती. मला आधी तिचा रागच आला, खरं सांगते. मग तिच्या हातांकडे पाहिलं. ते जराही कापत नव्हते. तेव्हा मला कळलं की घाबरलेली मी होते, आणि तिला घाबरायला सवड नव्हती.

"इकडे बघ," ती म्हणाली.

डिस्कच्या लेबलवर बारीक अक्षरांत एक लांबलचक आकडा छापलेला होता. डिस्कवर साठवणीचे किती कप्पे आहेत त्याचा. तिने तो कागदावर उतरवला होता: १५,६२,८०,५३,१६८. त्याखाली मशीनला दिसलेले कप्पे: २,७४,३१,५१,२८०. वजाबाकी: १२,८८,४९,०१,८८८.

"बरं मग? एवढे चोरले," मी म्हणाले.

"चोर असा मोजून चोरत नाही. याला तीनने भाग."

मी हिशोबात कच्ची नाही. भागलं. बाकी शून्य उरली आणि वर आलं ४,२९,४९,६७,२९६.

भावजय अशी हसली की जणू गर्दीत कोणी ओळखीचं भेटलं. "एक घ्यायचा आणि बत्तीस वेळा दुप्पट करायचा. तोच आकडा येतो. जुन्या यंत्रांना एवढंच मोजता येतं, याच्या पुढे नाही."

मला काही कळलं नाही हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिने वेणीवालीकडे बोट केलं, "हिच्या बाबांची स्कूटर आठव." ती स्कूटर आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मीटरला पाचच आकडे आहेत. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेली की पुन्हा शून्यापासून. दुसऱ्यांदा शून्यावर आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

"डिस्क खोटं बोलत नाही," भावजय म्हणाली. "डिस्क डॉकला खरं सांगते. डॉकचा मीटर छोटा आहे. तो तीन वेळा भरून शून्यावर आला आणि शेवटी जे उरलं तेच त्याने मशीनला सांगितलं. मशीन बिचारं त्याने सांगितलं तेच आपल्याला दाखवतंय. डॉक दहा वर्षांचा आहे, तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्का नव्हत्या."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. एक्स्चेंजमध्ये मी एकाहून एक हुशार इंजिनिअर पाहिले, त्यांच्या हाताखाली झिजले. पण एका वजाबाकीवरून गुन्हेगार पकडून दुसऱ्याला निर्दोष सोडताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. तिला हे कोणी शिकवलं नाही. शाळेत तर तिला सांगितलं होतं, तू शिवण शिक.

मग निर्दोष कोण सुटलं ते माझ्या ध्यानात आलं.

"दुकानदार खरा आहे," भावजय म्हणाली. "त्याच्याकडे नवा डॉक असेल. जाऊन घेऊन ये."

"मी?"

"मग कोण? तुझी त्याच्याशी ओळख झाली आहे."

वेणीवाली तोंड फिरवून हसली.

मी एक पळवाट काढून पाहिली. "तोवर निदान या सव्व्यात मावेल तेवढं तरी भर ना! बसून का राहायचं?"

तिने मान हलवली. "कदाचित नीट लिहीलही. पण ज्याला मोजता येत नाही त्याच्या हातून मी हे लिहून घेणार नाही. जुनी डिस्क एकदाच पूर्ण वाचता येईल, तीही जमली तर. ते एकदाचं वाचणं मी कदाचितवर घालवू?"

मी चपला घातल्या. गेले.

माफी मागायची मला सवय नाही. छत्रीवाल्यापाशी पोचेपर्यंत मी चार वाक्यं जुळवली होती, काउंटरपाशी एकही आठवलं नाही. "डिस्क चांगली आहे," मी म्हणाले. "आमचा डॉक जुना निघाला. मी... मघाशी जास्त बोलले. चूक माझी."

दुकानदाराने चष्मा वर केला. "मी तेच बघायचं म्हणत होतो. इथे लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं."

खरंच होतं ते. मी, जिने आयुष्यभर लोकांचं ऐकण्याची नोकरी केली, त्या माणसाचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. त्यात दीड तास गेला होता. माझ्या दीड तासाला काही किंमत नाही, त्या डिस्कच्या दीड तासाला होती. मी त्याला टकटकीबद्दल सांगितलं, अकरा माणसांबद्दल सांगितलं. त्याने दुकानातल्या रॅककडे पाहिलं, तिथे डॉक संपले होते. मग त्याने स्वतःच्या टेबलावर वापरातला डॉक होता त्याची वायर काढली, गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"काम झाल्यावर आणा. आणि त्यांना सांगा, वाचताना अडली तर जबरदस्ती करू नका, पुढे जा. अडलेलं शेवटी बघायचं."

हे मी भावजयीला सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली. तिच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

नव्या डॉकमध्ये डिस्क बसवली, काळ्या खिडकीत तीच ओळ लिहिली. सात पूर्णांक तीन.

"अजून पाऊण कुठे गेला?" मी उसळलेच.

भावजय इतकी हसली की तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. "दुकानात हजार-हजारांनी मोजतात, मशीन एक हजार चोवीसने मोजतं. वस्तू तीच. हे बघ." तिने कप्पे मोजून दाखवले. १५,६२,८०,५३,१६८. लेबलवरच्या आकड्याशी शेवटच्या आठापर्यंत जुळत होते. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी कानाला खडा लावला की आता दिवसभर गप्प बसायचं.

पण गप्प बसणंच माझं काम निघालं. भावजयीने मला मशीनशेजारी स्टुलावर बसवलं. टकटक वाढली की मी टेबलावर हात आपटायचा. मग ती नक्कल करणं थांबवणार, डिस्कला दम खाऊ देणार आणि पुन्हा सुरू करणार. वेणीवालीने आमच्यासमोर टेबलपंखा मशीनकडे तोंड करून लावला. अशी आमची तिघींची पाळी लागली.

सुरू करण्याआधी तिने एक कार्ड लिहिलं. अकरा माणसांच्या अकरा पेट्या, म्हणजे मशीनमधले फोल्डर, कोणत्या क्रमाने उतरवायच्या ते. डिस्क कुठेही दगा देईल, म्हणून जे आधी उतरेल तेच हाती लागेल असं धरायचं. मी चष्मा लावून वाचलं. गेलेली पाच माणसं आधी. मग हयात असलेली पाच. आणि अगदी तळाला, अकरावी, तिची आई.

"हे चुकलंय," मी म्हणाले. "आई वर घे. ही पाच माणसं जिवंत आहेत, त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवता येईल. आईला कुठून आणशील?"

"सगळे ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांतल्या सुतारकाकांचे हात आता थरथरतात. दोन वर्षांपूर्वीचे त्यांचे शब्द आज ते तसे करू शकत नाहीत."

"तरी. ती तुझी आई आहे."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "ह्या दहा जणांचं दुसरीकडे कुठेच नाही. आईचं माझ्या हातांत आहे." मग लहान खुणांनी म्हणाली, "मलाही तिला बघावंसं वाटतं. वाटत नाही असं समजू नकोस."

मी तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी आहे. माझ्या भावाशी तिचं लग्न ठरलं तेव्हा याच तोंडाने मी विचारलं होतं, हिचं पुढे कसं व्हायचं? त्या स्टुलावर बसून मला त्याची इतकी लाज वाटली की मी पंख्याकडे तोंड केलं.

दुपारी दोनला सुरू झालं. रात्री पाळीपाळीने झोपलो; मी झोपले की भावजय पट्टी दातांत धरून बसायची. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सात पेट्या उतरल्या होत्या. डोळ्यांत तेल घालून ऐन तारुण्यात मी ड्यूटी केली नसेल तशी तिथे कानात तेल घालून केली. टक आली की हात टेबलावर. भावजयीला टेबलाची धडक कोपरात कळायची, तिचं बोट लगेच खाली यायचं. एकदा फाईल अडली. तिने जबरदस्ती केली नाही, नाव लिहून ठेवलं, पुढे गेली. पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर तीच फाईल मुकाट आली. आठवी पेटी, नववी. सुतारकाकांची दहावी. ती पुरी झाली तेव्हा वेणीवालीने दोन्ही हात हवेत फडफडवले, ही त्यांची टाळी.

साडेतीनला आईची पेटी सुरू झाली. पहिला शब्द आला, दुसरा आला. पडद्यावर फक्त फाईलींची नावं सरकत होती: दार, दूध, भांडण, उद्या. भावजय प्रत्येक नाव सरकलं की हातानेच तो शब्द मांडीवर करत होती, तिच्या नकळत.

एकोणचाळीस झाले. आणि टकटक थांबली.

हळू नाही झाली. थांबली. फिरण्याचा जो बारीक सूं आवाज दीड दिवस माझ्या कानात होता तोही ओसरत गेला आणि नाहीसा झाला. खाली लाँड्रीची यंत्रं घरघरत होती. त्या दोघी पडद्याकडे बघत होत्या, त्यांना वाटत होतं मोठी फाईल असेल. खोलीत हे फक्त मला माहीत होतं. एकतीस वर्षांत मी लोकांना कितीतरी वाईट बातम्या जोडून दिल्या, पण सांगाव्या लागल्या नव्हत्या. त्या सांगणारा दुसऱ्या टोकाला असायचा.

मी टेबलावर हात आपटला नाही. तिच्या खांद्यावर ठेवला. ती वळली. मी म्हणाले, "थांबली."

तिने नंतर सगळं करून पाहिलं. अर्धा दिवस, एकेक गोष्ट बदलून, लिहून. डिस्क पुन्हा फिरली नाही. दोनशे बारातले एकशे त्र्याहत्तर शब्द गेले. मी रडले, बोटं मोडली, त्या डिस्कला नाही नाही ते बोलले. भावजयीने कागदावर शेवटची ओळ लिहिली, तारीख घातली आणि कागद फाईलला लावला. मग खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

दोन दिवसांनी तिने कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसून दिवा लावून घेतला. तीन वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. तिचं म्हणणं असायचं, मी त्या शाळेत नव्हते, मी साक्षीदार नाही. वेणीवालीने कॅमेरा धरला, मी शब्दांची कार्डं. एकशे त्र्याहत्तर शब्द तिने तीन दिवसांत दिले. प्रत्येकाच्या खाली तिने माझ्याकडून स्पष्ट टाईप करून घेतलं की हे मुलीचे हात आहेत, आईचे नव्हेत. डॉकने सांगितला तसा खोटा आकडा तिला तिथेही नको होता.

पुढच्या आठवड्यात सुतारकाका शब्द तपासायला आले. काठी टेकत, वेणीवालीच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांना दहा हातांवरचा चेहरा दिसत नाही, हालचाल दिसते. पडद्यावर भावजयीचं चित्रण चालू होतं. काका दारातच थबकले. त्यांनी थरथरत्या बोटाने गालावर तिळाची जागा दाखवली. तिच्या आईचं नाव.

"हिचं कुठे सापडलं?" त्यांनी विचारलं. "हिचं गेलं म्हणून सांगितलं होतंत ना मला?"

मी खुलासा करायला हात उचलले. भावजयीने ते हळूच खाली केले. ती उठून त्यांच्यासमोर, अगदी जवळ जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना तिचा चेहरा दिसेल. काकांनी तो पाहिला. मग म्हणाले, "जेवणघरात ती माझ्या शेजारी बसायची. मीठ कसं मागायची, येतं तुला?"

तिने हात कमरेपाशी नेला आणि टेबलाखालून करावी तशी ती छोटी खूण केली.

काकांनी मास्तर बघत नाही ना म्हणून खांद्यावरून मागे पाहिलं, आणि कापणाऱ्या चिमटीतून तिच्या तळहातावर मीठ ठेवलं.